गोधडीवरची नोटीस

"एकोणचाळीस," नाना म्हणाले.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "काय एकोणचाळीस?"

"शिंका. रोज सकाळी. सहाला सुरू होतात, सव्वासहाला संपतात. कधीमधी चाळिसावी येते, पण ती खोकल्यात धरावी."

माझे वडील, दिगंबर देवकुळे, तालुक्याच्या कोर्टात बत्तीस वर्षं बेलिफ होते. कोर्टाची नोटीस घेऊन दारोदार जायचं, माणूस दार उघडेना तर ती दारावर डकवायची, आणि मुदत संपली की पंचांसमोर घर रिकामं करून घ्यायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे 'सकाळी जरा शिंका येतात हो' असं गुळमुळीत बोलणं त्यांना जमायचं नाही. ते डॉक्टरसमोरही साक्षीला उभं राहिल्यासारखे बसत.

डॉक्टर मुजावर वयानं माझ्याहून लहान. मिरजेला शिकून नुकत्याच आमच्या हळदीच्या पेठेत दवाखाना घालून बसल्या होत्या. तीन दिवसांपूर्वी नानांचा दम असा कोंडला होता की शेजारच्या भूपालअण्णांनी चिपळूणला माझ्या पोस्टात फोन केला. मी तीन आठवड्यांची रजा टाकून आले होते.

"नाना, तुम्ही झोपता कशावर?"

"खाटेवर."

"खाटेवर काय असतं?"

"गादी. गादीवर सतरंजी. सतरंजीवर मी. माझ्यावर गोधडी."

"गोधडी किती जुनी?"

नानांनी माझ्याकडं पाहिलं. "हिच्या आईनं शिवलेली. शेवटची. बारा लुगडी आहेत आत."

डॉक्टरीणबाईंनी एक जाड पुस्तक उघडून आमच्यापुढं धरलं. पानभर एका जीवाचा फोटो होता. गोचिडीसारखा गोल, आठ पाय, अंगावर तुरळक केस. "हे तुमच्या गोधडीत राहतात. धुळीतले माइट. खरे डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. त्यांचा मळ श्वासात जातो, म्हणून शिंका आणि म्हणून दमा."

"किती असतील?"

"लाखभर तरी."

"लाखभर!" नाना खुर्चीत ताठ झाले. "आमच्या पेठेची वस्ती नऊ हजार आहे. आणि आम्हाला ते दिसत नाहीत म्हणता. त्यांना तरी आम्ही दिसतो का?"

"नाही. त्यांना डोळेच नसतात."

"अरेरे," नाना म्हणाले.

त्या 'अरेरे'लाच मी सावध व्हायला हवं होतं.

"खातात काय?"

"आपल्या अंगावरून रोज कोंडा झडतो ना, कातडीचा? तोच त्यांचा आहार."

"कुणाच्याही अंगावरचा?"

"जो अंथरूण वापरेल त्याच्या."

"जो आधी वापरत होता त्याच्यासुद्धा?"

"जुनी गोधडी आहे, सगळंच असणार आत," डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहिता लिहिता सहज बोलून गेल्या. पुस्तकातल्या त्या फोटोकडं नाना असे बघत राहिले की जणू लग्नातल्या जुन्या फोटोत कुणी ओळखीचं सापडलंय.

मला बाहेर बोलावून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुमुदताई, खोली साफ करा. गादी जुनी असेल तर काढा, पडदे काढा, झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आणि ती गोधडी हात घालवणार नाही इतक्या कढत पाण्यात घाला, नाहीतर टाकून द्या. पुढच्या झटक्याला नाना माझ्यापर्यंत पोचतीलच असं मी सांगू शकत नाही."

घरी आल्यावर मी पदर खोचला. खिडकीचे पडदे उतरवले. आईनं भिंतीला लावलेलं मण्यांचं तोरण, त्यामागची वीस वर्षांची धूळ, फडताळावरची वर्तमानपत्रं, पिंजाऱ्यानं तीनदा पिंजलेली कापसाची गादी, सगळं अंगणात आलं. नाना उंबऱ्यात उभे राहून यादी करत होते. "पडदे, नग दोन. गादी, नग एक. उशी, नग दोन, पैकी एक फाटकी." एका शब्दानं त्यांनी विरोध केला नाही.

मी गोधडीला हात घातला, तसे ते आत आले आणि गोधडीवर बसले.

"ही नाही."

"नाना, मूळ दुखणं हेच आहे."

"असेल. पण आत कोण राहतंय ते ऐकलंस ना तू?"

"किडे राहतायत."

"किडे आहेतच. पण कुणाचं खाऊन वाढले? अनसाबाईच्या घरी आलेलं कुणी आजवर हात धुऊन उपाशी गेलं नाही. आणि ह्यांनी तर तिलाच खाल्लंय." ते गोधडीवरून हात फिरवू लागले. "तिचं एवढं तेवढं जे काही जिवंत आहे ह्या जगात, ते ह्यांच्या पोटात आहे. त्यांना मी कढत पाण्यात घालू?"

"मी आहे की नाना. मी तिची कोण?"

"तू चिपळूणला असतेस," नाना म्हणाले.

मी गोधडीवरचा हात काढला.

त्या गोधडीचं सांगायला हवं. आई गोधडी शिवायला बसली की प्रत्येक लुगड्याची एक ओवी असायची. कुठलं लुगडं कुणी घेतलं, कुठल्या सणाला नेसलं, कधी विरलं, सगळं ओवीत यायचं. टाका खाली गेला की पहिली ओळ, वर आला की दुसरी.

लुगडं विरलं माझं, विरली ना बाई माया
टाक्याशेजारी टाका, झाकते धन्याची काया

ही शेवटची गोधडी तिनं चौकट धरून आतपर्यंत भरत आणली होती. एका कडेला वीतभर शिवण राहिली, आणि दुपारी जरा पडते म्हणून ती जी आडवी झाली ती उठली नाही. तिची सुई त्या वीतभर उघड्या तोंडाशी दोऱ्यासकट टोचलेली होती, ती चार वर्षं तिथंच होती. नाना झोपताना ती बाजू पायाकडं घेत.

आणि शिंकांचंही सांगायला हवं. नानांना शिंका पहिल्यापासूनच, फक्त पूर्वी दम लागत नसे. पहिली शिंक आली की आई स्टो पेटवायची. दहावीला आधण. विसावीला साखर-पत्ती. तिसावीला दूध. एकोणचाळिसाव्या शिंकेला कप नानांच्या हातात. आमच्या घरात घड्याळ होतं, पण चहा शिंकांवर व्हायचा.

दुसऱ्या दिवशी मी भूपालअण्णांकडं गेले. फाल्गुन होता, पेठेभोवती शिजत्या हळदीचा वास दाटला होता. आमच्या परड्यामागंच अण्णांचं शेत. तिथं चुलवाणावर हळद शिजवायची भली थोरली काहील चढलेली, दोन म्हशी बसतील एवढी. ओली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही, आणि एवढं कढत पाणी घरच्या बंबात होत नाही. अण्णांची काहील हा एकच उपाय होता.

"न्या की काहील," अण्णा म्हणाले. "हळद अजून धा-बारा दिवस चालंल माझी, पर मधी एक दिवस काढू. पंधरा दिवसांनी सोमवारी काहील परत जायची हाय पलीकडच्या गावाला, त्याच्या आत काय ते उरका. काय उकडायचंय?"

"नानांची गोधडी. आत बारीक जीव झालेत."

अण्णांच्या हातातलं फावडं थांबलं. अण्णा जैन. पाणी गाळल्याशिवाय पीत नसत, दिवस मावळल्यावर जेवत नसत.

"किती जीव?"

मी खरं बोलून बसले. "लाखभर म्हणतात."

"लाख!" त्यांनी कानांवर हात ठेवले. "कुमुदबाय, माज्या काहिलीत? आवो, मुंगीवर पाय पडला तर मी दिवसभर जेवत न्हाई!"

माझ्यामागं नाना कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. "ऐकलंस?" ते विजयानं म्हणाले.

"पर नाना, तुमचा जीव बी जीवच हाय," अण्णा म्हणाले. "एक लाख एकावा. त्याचं काय करायचं?" त्यांनी बराच विचार केला. "ते आपणहून निघून गेले तर गोष्ट येगळी. गोधडी मोकळी हाय असं तुमी लेखी द्या. मोकळी गोधडी मी सोता टाकतो काहिलीत."

मला वाटलं, झालं, आता दोघं मिळून मला वेड लावणार. पण नानांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. चार वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. पाठ सरळ झाली, डावा हात खांद्यावरच्या, आता नसलेल्या पट्ट्याकडं गेला, जिथं पूर्वी कोर्टाचा पितळी बिल्ला असायचा.

"जागा खाली करून घ्यायची," ते सावकाश म्हणाले, "तर नोटीस लागेल."

मी लगेच हो म्हणाले. नोटीस तर नोटीस. विनवण्या करण्यापेक्षा ती बरी.

नानांनी सबंध दुपार मसुदा केला. संध्याकाळी चार वाजता गोधडी खाटेवर पसरली गेली, आणि दोन पंच हजर झाले. पंच घरचा चालत नाही म्हणून मी बाद. पहिले पंच भूपालअण्णा. दुसऱ्या पंच डॉक्टर मुजावर. त्या बिचाऱ्या नानांची छाती तपासायला आल्या होत्या, पण छाती दाखवण्याआधी नानांनी त्यांना कोऱ्या कागदावर सही करायला लावली.

नाना उभे राहिले. चष्मा लावला.

"नोटीस. तुम्ही, सर्व माइट, धंदा कोंडा खाणे, राहणार अनसाबाई देवकुळे यांची गोधडी, खोली मधली, पेठ, यांस या नोटिशीनं कळवण्यात येते की, तुम्ही सदर जागेत विनाभाडे, विनाकरार राहत असून, तुमच्या वास्तव्यामुळे जागेचे चालू वापरकर्ते यांच्या श्वासास अडथळा होत आहे. तरी आजपासून आठ दिवसांत जागा खाली करावी."

"नाना," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "त्यांना वाचता येणार नाही. डोळे नाहीत."

"म्हणूनच तोंडी वाचतोय. आंधळ्या इसमास नोटीस वाचून दाखवावी लागते."

"कानही नाहीत."

नाना थांबले. पंचांकडं पाहिलं. मग मला म्हणाले, "कुमे, लाटणं आण."

"ते कशाला?"

"हादऱ्यानं कळेल. बहिऱ्या सावकारालासुद्धा मी दार वाजवून कळवलंय."

मग प्रत्येक वाक्यानंतर खाटेच्या पाटीवर लाटण्याचे तीन ठोके पडले. अण्णा हात जोडून उभे होते. डॉक्टरीणबाईंनी आधी ओठ दाबून हसू आवरलं, पण शेवटी त्यांचाही चेहरा गंभीर झाला. अशा ठिकाणी माणसाला आपोआप गंभीर होता येतं. नोटीस खळीनं गोधडीला लावता येईना, म्हणून सेफ्टीपिननं लावली. खाटेशेजारी नानांनी आपला जुना खाकी कोट अंथरला.

"हा काय?"

"पर्यायी जागा. एकदम रस्त्यावर काढायचं नसतं कुणाला."

त्या आठ दिवसांत नाना ओसरीवर नव्या चटईवर, धुतलेल्या चादरीत झोपले. शिंका एकोणचाळीसवरून चोवीसवर आल्या, मग सतरावर. मी रोज सकाळी स्वयंपाकघरातून मोजत होते. सतराव्या शिंकेलाच कप हातात द्यायची वेळ आली, आणि चहा लवकर झाला, हे माझं सुख. फक्त रोज दुपारी नाना मधल्या खोलीत जाऊन दार लोटून घेत, "प्रतिवादींना त्रास नको" म्हणत.

आठवा दिवस आला. अण्णा काहिलीखाली पाचट घालून वाट बघत होते. नाना खोलीत गेले, दहा मिनिटांनी बाहेर आले.

"मुदतवाढ दिली आहे."

"काय?"

"चार दिवस. काही कुटुंबं अडकलीत."

"तुम्हाला काय दिसलं, नाना? डोळ्यांना दिसत नाहीत ते!"

"दिसायला कशाला हवं? लाखाच्या वस्तीत एखादी बाळंतीण असणारच." मग ते चटईवर बसले आणि मला म्हणाले, "माझ्या नोकरीतलं पहिलं घर मी खाली केलं तेव्हाची गोष्ट. चुलीवर भात रटरटत होता. मी पातेलं उतरवून बाहेर ठेवलं. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं, तर तिनं मला वाढलं नाही. म्हणाली, 'धनी, चुलीवरचं शिजू द्यायचं, मग माणूस बाहेर काढायचं.' त्यानंतर बत्तीस वर्षांत मी कुणाचं पातेलं उतरवलं नाही. शिजेपर्यंत दारात बसायचो."

मी अण्णांना आणखी चार दिवस थांबायला सांगितलं. चार दिवस गेले. नानांनी आणखी तीन वाढवले. अण्णा म्हणाले, "बाय, आज शुक्रवार. सोमवारी काहील जाणार." माझी रजाही मंगळवारी संपत होती.

"तुम्ही मला फसवताय," मी नानांना म्हणाले. माझा आवाज चढला होता. "पोस्टात मी रोज माणसं बघते. पत्र यायला नको असेल, तर दार उघडत नाहीत. पत्ता चुकीचा सांगतात. तुम्ही तसं करताय."

"मी नोटीस बजावणारा माणूस आहे. चुकवणारा नव्हे."

"मग बजावा ना!"

ते उठून मधल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. भर बाराची वेळ. मी तांदूळ निवडत होते. थोड्या वेळानं आतून एक आवाज आला, शिंक नव्हे, खोकला नव्हे. फुटका भाता ओढल्यासारखा. मी दार ढकललं. नाना खाटेवर पालथे होते, तोंड गोधडीत खुपसलेलं, मुठी त्या वीतभर उघड्या कडेत रुतलेल्या. ओठ निळे पडले होते. आणि मला तेव्हा उमगलं की रोज दुपारी 'प्रतिवादींना त्रास नको' म्हणून बंद होणाऱ्या दारामागं काय चालत होतं.

अण्णांनी त्यांना हळदीच्या ट्रॉलीत घातलं. ओल्या, वाफाळत्या हळकुंडांच्या ढिगावर माझे वडील, त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. दवाखान्यात तोंडावर नळी लावून औषधाची वाफ दिली, तेव्हा अर्ध्या तासानं ओठांवर रंग आला. त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "वेळ काय झाली?"

"पाऊण वाजला."

"नोंद करा," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

बाहेर बाकावर डॉक्टरीणबाई माझ्याशेजारी बसल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, आईचं, कोंड्याचं, कुणाच्या पोटात कोण आहे त्याचं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अल्ला! मी सहज बोलले होते हो."

"एक विचारू? ते माइट जगतात किती?"

"दोन महिने. फार तर तीन."

"आणि आई जाऊन चार वर्षं झाली."

त्यांच्या ध्यानात आलं. "तेव्हाचं काहीच उरलेलं नसणार, कुमुदताई. ना ते जीव, ना ते अन्न. आता जे आहेत ते फक्त नानांना खातायत."

शनिवारी सकाळी नानांना घरी आणलं. ओसरीवर निजवलं. डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य त्यांना तोंडावर सांगायची माझी छाती होईना. मुलगी म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी मला 'तू चिपळूणला असतेस' म्हटलं असतं. मग मी पोस्टातला करकरीत पांढरा कागद घेतला आणि डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहायला बसले. नोटिशीला उत्तर लागतं. ते कुणीतरी द्यायलाच हवं होतं. आणि ओवी सोडून दुसऱ्या कुठल्या भाषेत द्यायचं ते मला येत नव्हतं, कारण त्या गोधडीतली सगळी वस्ती ओवीच ऐकत वाढलेली.

कागद मी गोधडीच्या उघड्या कडेला टोचला. आईच्याच सुईनं.

"नाना," मी ओसरीवर येऊन म्हणाले, "प्रतिवादींचा जबाब आलाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग भिंतीला धरून उठले, तोंडाला ओलं फडकं बांधून घेतलं आणि आत गेले. मी दारात उभी. त्यांनी सुईला हात लावला नाही. वाकून, चष्मा सारखा करत, मोठ्यानं वाचलं. कोर्टात वाचतात तसं, सूर न लावता.

"अनसाबाईच्या घरी आम्ही जेवलो पोटभरी
तिनं वाढलं न बोलता, नाही ठेवलं पदरी

तिच्या घरचं दाणं सरलं, लोटली हो सालं चार
आता खातो आम्ही नाना, तुमच्या जिवाचा आधार

तिला जेवले ते गेले, तिच्या पाठोपाठ धनी
जागा मोकळी करतो, मागं राहिलं न्हाई कुणी"

वाचून झाल्यावर ते तसेच वाकून राहिले. तिसरी ओवी त्यांनी पुन्हा वाचली, मनात. ओठ फडक्याआड हलताना दिसले. अंगणात अण्णांचा बैल घंटा हलवत होता, तेवढाच आवाज.

"सगळे गेले म्हणतात," नाना म्हणाले.

"हो."

"पुष्कळ दिवस झाले असतील जाऊन."

"चार वर्षं होत आली, नाना."

"मला कळवलं नाही कुणी." ते खाटेच्या कडेवर बसले, गोधडीपासून हातभर लांब. "मी दारात बसून होतो. मला वाटलं, शिजतंय अजून."

मी त्यांच्याजवळ गेले नाही. बेलिफ कामावर असताना त्याला हात लावायचा नसतो.

मग ते उठले. खिशातलं पेन काढलं, नोटिशीच्या पाठीमागं लिहिलं, 'जागेची पाहणी केली. जागा रिकामी.' खाली सही, तारीख, वेळ. मग मला म्हणाले, "रिकामी जागा उघडी ठेवता येत नाही. बंद करावी लागते. ती वीतभर शिवून घे."

"मी?"

"सुई आहे तिथं. दोराही आहे."

चार वर्षांचा दोरा, पण तुटला नाही. मी टाका खाली घातला, वर काढला. नाना फडक्याआडून बघत होते. शेवटची गाठ मारल्यावर त्यांनी कडेवर हात फिरवून खात्री केली, कुलूप ओढून बघतात तशी.

रविवारी सकाळी भूपालअण्णांनी 'जागा रिकामी' हा कागद दोनदा वाचला, कपाळाला लावला, आणि स्वतःच्या हातानं गोधडी काहिलीत सोडली. काहील घासून ठेवली होती, पण महिनाभर हळद शिजलेलं ते लोखंड. पाण्याला उकळी फुटली तशी गोधडी फुगून वर आली, कोपरे हातासारखे पाण्याबाहेर निघाले, अण्णा लाकडी दांड्यानं तिला खाली दाबत "सांभाळ गं माये, सांभाळ" म्हणत होते. तासाभरानं आम्ही चौघं-पाचजणांनी ती ओढून बाहेर काढली, बांबूवर टाकली.

ती पिवळी धमक झाली होती. आईची हिरवी, जांभळी, अंजिरी, काळी चंद्रकळा, सगळी लुगडी एकाच हळदीत न्हाली होती.

अण्णांनी जीभ चावली. "चुकलं, नाना! आवो, माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

नाना बांबूजवळ गेले. वाफ अजून निघत होती. "हळदीला बसली तेव्हा अशीच दिसत होती," ते म्हणाले. "इतकी ओली नव्हती एवढंच."

दोन दिवसांच्या कडक उन्हात गोधडी खडखडीत वाळली. सोमवारी रात्री त्यांनी ती अंगावर घेतली, मधल्या खोलीत, पुसलेल्या मोकळ्या खाटेवर.

मंगळवारी सकाळी मी साडेपाचलाच उठले. दुपारची गाडी होती. स्वयंपाकघरात स्टोसमोर काडेपेटी घेऊन बसले आणि सहाची वाट पाहू लागले.

सहा वाजले. शिंक नाही.

सहा पाच. सहा दहा. पाखरं ओरडत होती, अण्णांच्या गोठ्यात धार वाजत होती, आमच्या घरात आवाज नाही. इतके दिवस ज्यासाठी जिवाचं रान केलं ती शांतता आली होती, आणि मला बसवेना. मी पाय न वाजवता दारापर्यंत गेले.

नाना जागे होते. खाटेवर उठून बसले होते, गोधडी गुडघ्यांवर. कपाळ, कानाच्या पाळ्या, हनुवटी, सगळं पिवळं. बोहल्यावर चढायच्या आदल्या दिवसाचा एक सत्तरीचा नवरदेव. श्वास सरळ चालला होता, छातीत घरघर नाही. आणि ते स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. मी चटकन मागं सरले.

थोडा वेळ गेला. मग आतून आवाज आला.

"आँक्-छी."

शिंक नव्हतीच ती. तमाशातला नवखा गडी शिंकेल तसं, तोंडानं म्हटलेलं. म्हणून झाल्यावर ते थांबले, ऐकत.

मी काडी ओढली. स्टोनं भर्र आवाज केला.

"हां," नाना आतून स्वतःशीच म्हणाले.

नंतर डॉक्टर मुजावर मला निरोप द्यायला आल्या, तर नानांना बघून "कावीळ!" म्हणून किंचाळल्या आणि त्यांच्या पापण्या ओढून पाहू लागल्या. परड्यातून भूपालअण्णा ओरडले, "नाना, कुनाच्या लग्नाला उभं ऱ्हायलाय?"

"माझ्याच," नाना म्हणाले.

त्यानंतर नाना अकरा वर्षं जगले. दम पुन्हा लागला नाही. मी सुट्टीत जाई तेव्हा सहाच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन बसत असे, हातात काडेपेटी घेऊन. रोज एकच शिंक यायची, आणि ती शेवटपर्यंत त्यांना नीट जमली नाही.